बर्फाचा सांगावा

शंकेखोर : 'हिमाचलच्या उंच भागांत बर्फवृष्टी, कुलू खोऱ्यात तुरळक ठिकाणी पाऊस किंवा बर्फ, ताशी चाळीस ते पन्नास किलोमीटर वेगाने वारे, ऑरेंज अलर्ट.' पंचवीस वर्षं मी डिसेंबर-जानेवारीत माणसं घेऊन मनालीला जाते आणि शब्द थोडेफार इकडचे तिकडे करून हेच वाक्य ऐकत आले आहे. रंग तेवढे नंतर आले. वाक्य खोटं असतं असं माझं म्हणणं नाही. एवढं ऐकूनही पहाटे सहाला गाडी काढायची की नाही, ते मला कळत नाही, हे माझं म्हणणं आहे. कुलू बाराशे मीटरवर, मनाली दोन हजारांवर, सोलंग अडीच हजारांवर, अटल बोगद्याचं अलीकडचं तोंड तीन हजारांच्या वर. या एका रस्त्यावर एकाच दुपारी खाली लोक स्वेटर काढून चहा पीत असतात आणि वर गाडीचे वायपर काचेला चिकटून बसलेले असतात. त्या सगळ्याला मिळून एक वाक्य, एक रंग. मग मी काय करते, सांगते. आम्ही उतरतो तिथला घरमालक संध्याकाळी मुख्य तोटी बंद करून नळाचे पाइप रिकामे करायला लागला, की मी समजते रात्री पाणी गोठणार. सकाळचा बेत रद्द. त्यानं ओसरीवरची लाकडं आत घेतली तर दोन दिवसांचा शिधा भरून ठेवते. आजवर त्यानं मला फसवलेलं नाही.

कैवारी : ताई, 'तुरळक ठिकाणी' ही पळवाट नाही, ते माप आहे. त्या विभागातल्या शंभर केंद्रांपैकी पंचवीसपर्यंत केंद्रांवर पाऊस किंवा बर्फ पडेल, असा त्याचा अर्थ. पन्नासपर्यंत असेल तर 'काही ठिकाणी', पंचाहत्तरपर्यंत 'अनेक ठिकाणी', त्याच्या वर 'बहुतांश ठिकाणी'. रेडिओवर पिढ्यान्‌पिढ्या हे शब्द ऐकूनही त्यांचा हिशेब कुणी लोकांना समजावून सांगितला नाही, हा आमचा दोष मी मान्य करतो. पण तुमच्या घरमालकाबद्दल बोलू. त्याला जे दिसतं ते खरंच दिसतं. उत्तरेच्या शिखरांवर टोपी चढते, वारा फिरतो, रात्रीचं आकाश निवळलं की गारठा वाढतो. त्याला बारा तास आधीचं कळतं. तो बर्फ मात्र चार-पाच दिवस आधी भूमध्य समुद्राच्या बाजूला जन्माला आलेला असतो. हिवाळ्यात उत्तर भारताच्या माथ्यावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जबर झोत वाहतो. त्यात सापडून इराण, अफगाणिस्तान ओलांडत हे पश्चिमी झंझावात येतात, वाटेत समुद्रांची ओल उचलतात आणि हिमालयाला धडकून ती बर्फ म्हणून टाकतात. हिवाळ्याच्या एका महिन्यात असे चार-सहा येऊन जातात. मनालीच्या अंगणातून इराणवरचा ढग दिसत नाही. तुमचं चाळीस जणांचं रेल्वे आरक्षण पाइप रिकामे करण्याच्या वेळेला रद्द करता येत नाही, चार दिवस आधीच ठरवावं लागतं. तो वेळ फक्त अंदाजच देतो.

शंकेखोर : झंझावात येतोय हे तू चार दिवस आधी सांगतोस, ते मी नाकारत नाही. वीस वर्षांपूर्वी हे इतकं नेमकं येत नव्हतं, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तो आला की कुठे काय टाकणार? गेल्या खेपेला ऑरेंज होता म्हणून मी माणसांना मनालीत अडवून ठेवलं. दिवसभर लख्ख ऊन. वर सोलंगहून लोक बर्फात खेळून, फोटो काढून परतत होते आणि माझी चाळीस माणसं हॉटेलच्या खिडकीतून ते बघत होती. संध्याकाळी एक आजोबा म्हणाले, ताई, आयुष्यात एकदा बर्फ बघायला आलो होतो. हे मी विसरू शकत नाही. आणि त्याच्या आदल्या वर्षी पिवळा होता, म्हणजे नुसतं लक्ष ठेवा. तेव्हा सोलंगच्या अलीकडे नऊ तास अडकलो. दोन्ही वेळा तुमचं वाक्य कागदावर बरोबरच होतं.

कैवारी : ते का होतं, ते सांगू द्या. कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. उंची वाढली की दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. कुलूपासून बोगद्यापर्यंत अकरा-बारा अंशांचा फरक पडतो तो यामुळे. आता समजा, माझा तापमानाचा अंदाज फक्त दोन अंशांनी चुकला. पुण्यात दोन अंशांनी कुणाचं काही अडत नाही. तिथे मात्र पाऊस जिथे बर्फ होतो ती रेषा तीनशे मीटर वर किंवा खाली सरकते. मनाली आणि सोलंग यांच्यातला फरकच पाचशे मीटरचा. म्हणजे माझ्या दोन अंशांत तुमचं आख्खं गाव पावसातून बर्फात जातं. दुसरं, एक सेंटिमीटर पाण्याचा साधारण दहा सेंटिमीटर बर्फ होतो, हवा कोरडी आणि फार थंड असली तर पंधराही होतो. पाण्याचा अंदाज अचूक आला तरी रस्त्यावरचा थर दीडपट निघू शकतो. तिसरं, आमचं गणित जमिनीचे चौकोन पाडून चालतं. पुण्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम मे २०२५ मध्ये कामाला लागली, तिचे चौकोन सहा किलोमीटरचे आहेत. त्याआधी बारा किलोमीटरचे होते. हा मोठा पल्ला आहे. पण सहा किलोमीटरच्या एका चौकोनात सोलंगचा तळ अडीच हजारांवर आणि बाजूची धार चार हजारांच्या वर, दोन्ही बसतात. गणिताला त्यांची सरासरी दिसते. त्या सरासरी उंचीवर माणूस राहत नाही, रस्ताही जात नाही.

शंकेखोर : मग माझंच म्हणणं सिद्ध झालं. डोंगर ज्याला सपाट दिसतो, त्यानं डोंगरातल्या माणसाला रंग दाखवू नये.

कैवारी : डोंगर सपाट दिसतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं शक्यता सांगावी, एवढंच मी म्हणतो. आम्ही एकच गणित एकदाच करत नाही. आजच्या स्थितीत बारीक बारीक फरक करून तेच गणित अनेकदा चालवतो, आणि त्यातल्या किती वेळा सोलंगला बर्फ आला ते बघतो. सुरुवातीचा नगण्य फरक काही दिवसांत केवढा होतो, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवलं तेव्हापासून एकच ठाम उत्तर देण्याचा हक्क आम्ही सोडला आहे. बघा ना, मराठीत आपण 'अंदाजपत्रक' म्हणतो. घराचं, संस्थेचं, सरकारचं. वर्षअखेरीला आकडे तंतोतंत जुळले नाहीत म्हणून कुणी अंदाजपत्रक करणंच सोडून देत नाही. त्या शब्दातला अंदाज आपल्याला जबाबदार वाटतो, आणि हवामानातला तोच शब्द मात्र आपण 'ठोकून दिलं' या अर्थानं ऐकतो. मी तुम्हाला चाळीस टक्के म्हटलं तर ते अज्ञान नाही. ज्ञान कुठवर पोचतं त्याची ती खूण आहे.

शंकेखोर : चाळीस टक्क्यांचं मी करू काय? अर्धवट गाडी नेता येत नाही.

कैवारी : त्याचाही हिशेब आहे आणि तो जुना आहे. काळजी घेण्याचा खर्च एका बाजूला, काळजी न घेतल्यास होणारं नुकसान दुसऱ्या बाजूला. खर्चाला नुकसानीनं भागायचं. शक्यता त्या उत्तरापेक्षा मोठी असेल तर थांबायचं. एक दिवस फुकट गेला तर समजा चाळीस हजार रुपये, आणि अडकलात तर गाड्या काढणं, मुक्काम, आजारपण धरून चार लाख. म्हणजे दहा टक्के शक्यता ओलांडली की थांबणं शहाणपणाचं. तुम्ही चाळीस टक्क्यांना थांबलात तर दहापैकी सहा वेळा लख्ख ऊन पडेल, आजोबा नाराज होतील, आणि तरीही निर्णय बरोबर असेल. जीव जाण्याचा प्रश्न असेल तर उंबरठा आणखी खाली येतो. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत पोरगा खोटं बोलत होता. आम्ही लांडगा येण्याची शक्यता सांगतो, आणि न आलेला लांडगा म्हणजे खोटं नव्हे.

शंकेखोर : तुझा भागाकार मला पटला असता, खर्च आणि नुकसान एकाच खिशातून जात असते तर. ते तसं जात नाही, हे तुला पुण्यात बसून दिसत नाही. मी दिवस रद्द केला तर माझे पैसे जातात, पण टॅक्सीवाल्याचा त्या दिवसाचा चुलीचा पैसा जातो. सोलंगच्या वाटेवर गमबूट आणि बर्फाचे कोट भाड्यानं देणाऱ्या टपऱ्या आहेत, त्यांची वर्षाची कमाई या मोजक्या दिवसांत असते. त्यांना कुणी विचारलं, तुमचा उंबरठा किती? पर्यटकानं रजा टाकलेली असते, तिकीट परत होत नाही, पोरांना कबूल केलेलं असतं. प्रत्येकाचा भागाकार वेगळा येतो आणि रस्ता मात्र एकच आहे. शंभर जणांनी आपापल्या परीनं बरोबर निर्णय घेतला, की त्या शंभर बरोबर निर्णयांची मिळून कोंडी होते. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या आगेमागे तेच झालं. बोगद्याजवळ आणि सोलंगला शेकडो गाड्या, हजारो माणसं अडकली, रात्री-अपरात्री पोलिसांनी काढली. बर्फ काही अफाट नव्हता. चाकांखाली दाबला जाऊन त्याची काच झाली होती आणि त्या काचेवर एक गाडी आडवी झाली, एवढं पुरलं.

आणि मूळ गोष्ट तर अजून बोललेच नाही. वादळाचा इशारा ऐकून माणूस किनाऱ्यापासून दूर पळतो. बर्फाचा इशारा ऐकून तो बर्फाकडे धावतो. तुझं वाक्य दिल्ली, चंडीगडला पोचलं की तिथे गाड्यांमध्ये पेट्रोल भरायला सुरुवात होते. तू धोका म्हणून सांगतोस, तिकडे सांगावा म्हणून पोचतं. पाकिस्तानातलं मरी आठव. जानेवारी २०२२. मोठ्या बर्फाचा इशारा तिथल्या हवामान खात्यानं आधीच दिलेला होता, आणि बर्फ येणार म्हणूनच माणसं लोटली. रस्ते तुंबले. रात्रभर गाड्या बर्फात, काचा बंद, आत हीटर चालू, धूर सोडणाऱ्या नळ्या बर्फाखाली. किमान बावीस जण गेले, त्यांत आईबापांसोबत मुलं होती. तिथला अंदाज चुकला नव्हता रे. खरा ठरला.

(इथे मधे बोलल्यावाचून राहवत नाही. हे दोन आवाज मी मांडले असले तरी मरीची ती बातमी वाचल्यापासून मी स्वतः यातल्या कुठल्याच बाजूला नीट उभा राहू शकलेलो नाही. अंदाज चुकल्यामुळे माणसं दगावली, तर त्यावर उपाय कुठे शोधायचा हे आपल्याला कळतं. अंदाज बरोबर असताना दगावली, तर बोट कुठे ठेवायचं? पुढचं बोलणं त्याच दुखऱ्या जागेवर येतं, म्हणून ते थोडं सावकाश वाचावं.)

कैवारी : मरीबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. पण त्याच्या उलट बाजूचं उदाहरण तुमच्यापुढे ठेवतो, कारण तेही तितकंच खरं आहे. ऑक्टोबर २०१४. बंगालच्या उपसागरात हुदहुद चक्रीवादळ झालं. आपल्या वेधशाळेनं त्याचा माग इतका चोख ठेवला की १२ तारखेला ते विशाखापट्टणमला धडकायच्या आधी लाखो लोक सुरक्षित जागी हलले होते. जमिनीवर आल्यावर ते विरलं, पण त्याची ओल उत्तरेकडे गेली. १४ तारखेला नेपाळात अन्नपूर्णेच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर, थोरोंग ला खिंडीत, ५,४१६ मीटरवर, ती बर्फ होऊन कोसळली. चाळीसहून जास्त माणसं गेली. वाटाडे, पर्यटक, याक राखणारे. आकाशात काय चाललंय ते दोन देशांतल्या पडद्यांवर दिसत होतं, खिंडीखालच्या चहाच्या टपरीपर्यंत ते पोचलं नाही. त्या दिवशी तिथे एक रंग, एक वाक्य, अगदी 'तुरळक' शब्दसुद्धा पोचला असता तर त्यातले काही मागे फिरले असते. तुम्ही सांगाव्याची भीती घालता. मला सांगावाच न पोचण्याची भीती जास्त वाटते.

शंकेखोर : दोन्ही ठिकाणी आकाशाचं वाचन बरोबर होतं, हे तर तूच आत्ता म्हणालास. मग दोष वाचनात नाही. दोष वाक्यात आहे. वाक्य आकाशाबद्दल आहे. 'बर्फ पडेल, वारा सुटेल.' ऐकणारा विचारतो, 'माझं काय होईल?' वाऱ्याचंच घे. 'ताशी चाळीस किलोमीटर' ऐकून माझ्या गटातल्या एकालाही आजवर काही वाटलेलं नाही. शून्याखाली पाच अंश म्हटलं तर निदान शाल घट्ट करतात.

कैवारी : आणि त्या दोन आकड्यांचं लग्न लावलं तर उघड्या गालाला शून्याखाली चौदा अंशांसारखं लागतं. हे मोजायची सुरुवात अंटार्क्टिकात झाली. पाण्याचं लहान नळकांडं वाऱ्यात टांगून ते गोठायला किती वेळ लागतो ते दोघा संशोधकांनी पाहिलं. पुढे २००१ मध्ये माणसांच्या चेहऱ्यांवर प्रयोग करून ते सूत्र सुधारलं गेलं. थंडी थर्मामीटरमध्ये असते, पण उष्णता अंगावरून वारा नेतो. तुमचा मुद्दा मला मान्य आहे. म्हणून तर गेल्या काही वर्षांत आम्ही परिणाम सांगायला लागलो आहोत. नुसतं 'इतके मिलिमीटर' म्हणून थांबत नाही. रस्ते निसरडे होतील, वीज जाईल, गाड्या अडकतील, हे इशाऱ्यातच लिहितो.

शंकेखोर : कुणावर होणारा परिणाम? हे विचारल्याशिवाय ते वाक्य पुरं होत नाही. माझ्या टॅक्सीवाल्याला जो बर्फ नको, तोच बर्फ त्याच्या भावाला हवा असतो. भावाची सफरचंदाची बाग आहे. झाडाला हिवाळ्यात सात अंशांखालचे हजार-बाराशे तास मिळाले नाहीत तर वसंतात कळी धड फुटत नाही. तिथे बर्फाला पांढरं खत म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते, हिमाचलातही बर्फ नव्हता, आणि बागवाले देवाकडे बर्फ मागत होते. त्यांच्या उत्तराला तू लाल रंग लावणार?

कैवारी : आणखी पुढे जा. तोच झंझावात पुढे सरकला की मागून उत्तरेचे कोरडे गार वारे सुटतात आणि ते खानदेश, नाशिकपर्यंत उतरतात. निफाडचा द्राक्षवाला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो तो त्या वाऱ्याला घाबरून. त्याच्या बाबतीत मनालीचा बर्फ ही दोन दिवस आधीची वर्दी आहे. आणि ही काही आजची जाणीव नाही. हिमालयातला बर्फ आणि पुढचा मान्सून यांची सांगड हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये घातली, आपले पहिले मोसमी अंदाज त्या बर्फावर बेतलेले होते. वेधशाळेचं मुख्यालय सिमल्यात होतं, १९२८ मध्ये ते पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आजही पुणेकर सिमला ऑफिस म्हणतात. एका बर्फाला इतके ऐकणारे आहेत ताई. टॅक्सीवाला, बागवाला, द्राक्षवाला, तुमचे आजोबा. मी प्रत्येकाचं नुकसान-नफा ठरवायला लागलो तर ते हवामानशास्त्र राहणार नाही, कारभार होईल. तो करण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. म्हणून मी टक्का सांगतो आणि थांबतो.

शंकेखोर : एक विचारते, खरं सांग. उद्या सोलंगला साठ टक्के बर्फ, दुपारनंतर वारा. माझ्या गटात तुझी आई आहे. तू मला काय कळवशील?

कैवारी : टक्का नाही कळवणार. 'आईला वर नेऊ नका' म्हणेन.

शंकेखोर : मग माझ्या बाकीच्या एकोणचाळीस जणांना टक्का कशासाठी?

कैवारी : कारण आईला मी ओळखतो. तिचे गुडघे, तिचा दमा, तिला बर्फाचं काही अप्रूप नाही हेसुद्धा. त्या एकोणचाळीस जणांना मी ओळखत नाही. त्यातल्या आजोबांना एक दिवस किती मोलाचा आहे, टॅक्सीवाल्याच्या घरी काय अडचण आहे, मला माहीत नाही. 'जाऊ नका' म्हणणं म्हणजे त्यांच्या आयुष्यातलं मला न दिसणारं सगळं पुसून टाकणं. तुम्हाला टक्का कोरडा वाटतो. मला तो अनोळखी माणसाचा ठेवलेला मान वाटतो.

शंकेखोर : मान ठेवतोस, पण त्याच्या हातात हत्यार देत नाहीस. टक्का हातात घेऊन तो एकटा उभा राहतो, आणि त्याच्या आजूबाजूला हजार जण आपापला टक्का घेऊन उभे असतात. त्या हजारांची कोंडी होणार, हे त्यांच्यातल्या एकालाही दिसत नाही. ते तुला दिसतं, वेधशाळेला दिसतं, रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना दिसतं. ज्यांना दिसतं त्यांनीही मान ठेवून गप्प राहायचं?

कैवारी : रस्ता बंद करणारा वेगळा आणि आकाश वाचणारा वेगळा, असाच नियम आहे. आकाश वाचणाराच रस्ते बंद करायला लागला, की त्याच्यावर दोन्ही बाजूंनी दबाव येईल. टपऱ्या म्हणतील टक्का कमी सांग, आणि भेदरलेला अधिकारी म्हणेल जास्त सांग. मग तुम्हाला मिळणाऱ्या साठ टक्क्यांत किती आकाश आणि किती माणसं, ते तुम्हालाही कळणार नाही.

शंकेखोर : आणि आत्ता, तो साठ शुद्ध आहे म्हणून, त्याचं काय करायचं ते ठरवायला कुणीच नाही. पहाटे सहाला मी आणि टॅक्सीवाला. बरं, पहाटेचा तीन तासांचा अंदाज आला की पाठव. टक्क्यासकट पाठव. आणि खाली तू स्वतः काय केलं असतंस, तेही लिही.

कैवारी : लिहीन. पण ते माझं असेल, वेधशाळेचं नसेल. उद्या ऊन पडलं तर ते त्यांच्या नावावर टाकू नका.

शंकेखोर : नाही टाकणार. टॅक्सीवाल्याला मात्र काय सांगू, ते अजून मला कळलेलं नाही. घरमालकानं आज पाइप रिकामे केलेले नाहीत.